बाप्पाच्या ट्रकला सूट आहे

मराठी मंडळात कुठल्याही नियमाला वळसा घालायचा असला की ते काम नीळकंठकडे जायचं. हॉलमध्ये बाहेरचं जेवण चालणार नाही असं हॉलवाल्यांनी सांगितलं, तर हा त्यांचीच नियमावली वाचून त्यात ‘धार्मिक प्रसाद’ बसवून यायचा, आणि मग दोनशे माणसं मसालेभात आणि जिलेबीचा प्रसाद घ्यायची. त्याची नोकरीही वाचण्याचीच होती. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या एका मालवाहतूक कंपनीत तो ‘कम्प्लायन्स’ बघायचा. ड्रायव्हर किती तास चालवतो, कधी थांबतो, पुरेसा झोपतो की नाही, हे ट्रकमधल्या यंत्रात आणि ड्रायव्हरच्या कार्डावर नोंदलं जातं. ते तपासायचं आणि चुकलेल्याला पत्र पाठवायचं. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, असा नियम. दोन-तीन मिनिटं आधी निघालेल्या एका डच ड्रायव्हरला त्याने लेखी ताकीद दिली होती, आणि हे तो मंडळाच्या सहलीत, तोंडात वडापाव असताना, अभिमानाने सांगायचा.

यंदाचा गणपती नायमेखनला ठरला. चतुर्थी बुधवारी होती, पण इथे बाप्पालाही शनिवार-रविवार बघूनच यावं लागतं. मूर्ती, मखर, ढोल आणि रंगमंचाचं सामान मात्र गेल्या वर्षीच्या गणपतीपासून अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या एका गोदामात पडून होतं. ते आणायला ट्रक हवा, आणि ड्रायव्हरसकट ट्रक देणाऱ्यांना महिनाभर आधी सांगावं लागतं. मंडळाला महिनाभर आधी फक्त मेनू ठरवता येतो.

बैठकीत नीळकंठने लॅपटॉप फिरवून अध्यक्षांसमोर धरला. “रवीदादा, हे वाचा. साडेसात टनांपर्यंतची भाड्याची गाडी, चालवायची आपणच, आणि माल धंद्याचा नाही. मग ड्रायव्हरच्या तासांचे नियम आपल्याला लागूच होत नाहीत. यंत्र नको, कार्ड नको, नोंद नको.”

“म्हणजे पूर्ण सूट?” रवींद्र म्हणाला.

“पूर्ण. आपली सेवा आहे ना ही. फक्त त्या वजनाचं लायसन्स असलेला माणूस पाहिजे.”

खोलीतल्या सगळ्या माना एकदम सारंगकडे वळल्या.

सारंगकडे माना वळणं ही गेल्या तीन वर्षांतली पहिलीच घटना. पुण्याहून आला तेव्हा तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. कंपनीने अर्धी टीम कमी केली, त्यात तो गेला. आठ महिने मुलाखती देऊन झाल्यावर एक दिवस तो घरी ट्रकच्या लायसन्सचं पुस्तक घेऊन आला. आता तो रात्री फुलं घेऊन जर्मनीत जातो आणि सकाळी परत येतो. काम त्याला आवडतं. मंडळाला काय करावं ते कळेना. वाईट कुणी बोललं नाही, आपल्यात तसं कुणी बोलत नाही. फक्त ‘करिअर गायडन्स’च्या कार्यक्रमाला त्याला बोलवायचे, ते खुर्च्या लावायला. त्याच्याबद्दल सांगताना लोक म्हणायचे, “सारंग ना? लॉजिस्टिक्समध्ये आहे.” त्याची बायको चैत्राली नायमेखनच्या विद्यापीठात संशोधक. तीही तेच म्हणायची. त्यांची दहा वर्षांची जुई तेवढी डचमध्ये कुणालाही सरळ सांगायची, की माझे बाबा ट्रक चालवतात.

“सारंगदादा,” कुणीतरी म्हणालं, आणि तो त्या क्षणी दादा झाला. “तुमच्याशिवाय बाप्पा येत नाही बघा यंदा.”

सारंग हसला आणि हो म्हणाला.

घरी चैत्रालीने पोळ्या लाटता लाटता हिशोब मांडला. “गुरुवारी रात्री जर्मनी. शुक्रवारी रात्री परत जर्मनी. शनिवारी सकाळी सहाला उतरणार, आणि दहाला झुइडओस्टला ढोल भरणार. झोपणार कधी?”

“तू मला गाडीतून तिथे सोडशील ना, तेव्हा.”

“सव्वा तास?”

“भरून झाल्यावरही वेळ मिळेल.”

“कंपनी तुला असं चालवू देईल?”

“कंपनीचा संबंध नाही. कंपनीच्या कार्डावर शनिवारी विश्रांतीच असणार. पलंगाचं चित्र येतं त्यावर.”

“मी कार्डाशी नाही, तुझ्याशी लग्न केलंय. नाही म्हण त्यांना.”

सारंगने तव्यावरची पोळी उलटली. “तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलंय. आणि मागितलं ते मला येतं. नाही म्हटलं, तर परत मी खुर्च्या लावणार.”

यावर चैत्रालीला उत्तर देता आलं असतं. पण ‘लॉजिस्टिक्स’ तिच्याही तोंडात होतं, आणि ते त्याला माहीत होतं. तिने एवढंच म्हटलं, “मग मीही ट्रकमध्ये बसणार. माझी गाडी राहील तिथे, नंतर बघू.”

शनिवारी गोदामासमोर मंडळाची सात-आठ माणसं जमली. प्रत्येकाच्या हातात कॉफी आणि प्रत्येकाकडे सामान कसं रचायचं याची वेगळी योजना. सारंगने एकदा सगळ्यांच्या योजना ऐकून घेतल्या आणि मग खाली जड, वर हलकं, कडेला पट्टे असं आपल्या पद्धतीने भरायला घेतलं. चेहरा राखेसारखा झाला होता, पण हात चुकत नव्हते. मूर्ती सगळ्यांत शेवटी, दाराजवळ, गाद्यांच्या मधोमध ठेवली. ती कुणाच्याही गाडीत मागच्या सीटवर सहज मावली असती. पण रवींद्रला नायमेखनच्या हॉलसमोर ट्रकचं दार उघडून, ढोलांच्या गजरात बाप्पांना उतरवायचं होतं, आणि तसा व्हिडिओ हवा होता.

सामान भरून झाल्यावर मिळणारा वेळ रवींद्रच्या फोनने खाल्ला. गुरुजींना पाचला दुसरीकडे जायचं होतं. “साडेतीनची वेळ पक्की धरलीय. लगेच निघा.”

केबिनमध्ये तिघं बसले. सारंग, मधे नीळकंठ, खिडकीशी चैत्राली. नीळकंठ ‘कागदपत्रांसाठी’ बरोबर आला होता. पोलिसांनी थांबवलंच, तर त्यांना ते कलम दाखवायला. त्याने त्याची रंगीत प्रिंट काढून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातली होती.

उट्रेख्तपर्यंत बोलण्यात गेलं. चैत्राली विचारत राहिली आणि सारंग उत्तर देत राहिला.

“काल कुठली फुलं होती?”

“शेवंती. आणि काय ते, जांभळी.”

“नाव सांग ना.”

“आठवत नाही गं. डब्यांवर नंबर असतात.”

“चिवडा घे.”

“नको. पोट भरलं की जास्त होतं.”

“काय जास्त होतं?”

नीळकंठने मधेच सांगितलं, की झोप ही सवयीची गोष्ट असते, आणि आजोबा आपले चार तास झोपून ब्याऐंशी वर्षं जगले. त्यानंतर काही मिनिटांत त्याची मान छातीवर पडली आणि तो घोरायला लागला. आदल्या रात्री तो दहाला झोपला होता, हे त्यानेच सकाळी सांगितलं होतं.

ऊन सरळ काचेतून आत येत होतं. रस्ता सपाट, वळण नाही, दोन्ही बाजूला तीच कुरणं आणि त्याच गायी. ट्रकला वेगाची मर्यादा, त्यामुळे मागच्या गाड्या डावीकडून एकसारख्या पुढे जात होत्या. चैत्राली विचारायला नवीन काही शोधत होती. जुईच्या शाळेचं झालं, सासूबाईंच्या गुडघ्याचं झालं. ती क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिली.

मग चाकांखालून घरघर आली. रस्त्याच्या कडेची खडबडीत पट्टी. मागे पट्टे ताणले गेले आणि एक ढोल दुसऱ्यावर आपटून घुमला.

“सारंग,” चैत्राली म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडलं तर तो स्टिअरिंग झटकेल, एवढं तिला कळत होतं. “सारंग, गाडी आत घे. हळू.”

त्याने घेतली. हळू घेतली. पुढे पेट्रोल पंपाचा फाटा आला, तिथे वळून ट्रकच्या जागेत त्याने गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिला.

नीळकंठ जागा झाला. “आलं का?”

“वेनेंदालचा फलक गेला का?” सारंगने विचारलं.

“केव्हाच,” चैत्राली म्हणाली.

“मला आठवत नाही. उट्रेख्तनंतरचा पूल आठवतो. मधलं काहीच नाही.” तो हे फार शांतपणे म्हणाला, जणू दुसऱ्या कुणाची चाचणी करून निकाल सांगत होता. “मी चालवत होतो ना?”



नीळकंठने घड्याळ बघितलं. “असं कर. तोंडावर पाणी मार, एक डबल कॉफी घे, खिडकी उघडी ठेव. आता चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर राहिलं असेल. तू ट्रकवाला माणूस, तुझं रोजचंच.”

चैत्रालीने त्याच्याकडे वळून बघितलं. “नीळकंठ, तुमच्या कंपनीतल्या ड्रायव्हरला हे सांगाल?”

“त्याची गोष्ट वेगळी. तो नियमात येतो.”

“आणि सारंग?”

नीळकंठचा हात प्लास्टिकच्या कव्हरवर होता. “वहिनी, कायद्याने बघितलं तर...” तो थांबला. पुढचं वाक्य त्याला स्वतःलाच ऐकायचं नव्हतं असं दिसलं.

सारंगने किल्ली काढली. “मी चालवत नाही आता.”

तेवढ्यात रवींद्रचा फोन आला. तो नीळकंठने घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“कुठे पोहोचलात? ढोलवाली मुलं फेटे बांधून उभी आहेत.”

“रवीदादा, जरा अडचण झालीय. पंक्चर झालंय. माणूस बोलावलाय, तास-दीड तास...”

सारंगने हात पुढे केला आणि फोन घेतला. “रवीदादा, पंक्चर नाही. चालवताना मला झोप लागली. गाडी कडेला गेली. आता मी झोपतोय.”

पलीकडून हॉलमधल्या खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

“अरे,” रवींद्र म्हणाला, “मग आधी सांगायचं ना.”

“आधी सांगितलं असतं तर?”

“तर दुसरं काही बघितलं असतं.”

“दुसरं काही नव्हतं म्हणून तर मी होतो.”

“हे बघ, तसं नको बोलूस. दमलेले सगळेच आहेत रे. मंजूषाने रात्री एकपर्यंत मोदक वळलेत. राजसने हॉलचे दिवे तपासायला काल सुट्टी टाकली. कोणी तक्रार केली का?”

“मोदक वळताना डुलकी लागली तर मोदक फाटतो, दादा.”

“किती वेळ झोपणार?”

“उठेन तेव्हा.”

फोन त्याने नीळकंठला दिला, दोघं उतरताच सीटवर आडवा झाला, पाय खिडकीकडे केले, आणि त्यांनी दार लावेपर्यंत त्याला झोप लागली होती.

पंपाच्या कडेला लाकडी बाक होता. चैत्राली आणि नीळकंठ त्याच्या दोन टोकांना बसले. समोर एक पोलिश ड्रायव्हर आपल्या ट्रकच्या सावलीत खुर्ची टाकून टोमॅटो कापत होता. त्याला थांबायला नियमाने सांगितलं होतं, आणि तो निवांत थांबला होता.

नीळकंठचा फोन सारखा थरथरत होता. मंडळाचा ग्रुप. ‘ट्रक कुठेय?’ ‘काय झालं?’ मग रवींद्रचा संदेश: ‘ड्रायव्हर झोपल्यामुळे उशीर. पर्यायी व्यवस्था करत आहोत.’ खाली हात जोडल्याची बारा चित्रं. मग कुणीतरी लिहिलं, ‘आदल्या रात्री पार्टी का?’ आणि त्याला तीन हसणारे चेहरे आले.

चैत्रालीचाही फोन तोच ग्रुप दाखवत होता. “सकाळी दादा होता,” ती म्हणाली. “तुम्ही लिहा ना काहीतरी. तुम्हाला माहितीय काल रात्री तो कुठे होता.”

“लिहितो.” नीळकंठने लिहायला घेतलं. थोडं लिहिलं, वाचलं, पुसलं. परत लिहिलं. तो उत्तम पत्रं लिहायचा. ड्रायव्हरांना पाठवलेल्या त्याच्या पत्रांत एक शब्द इकडचा तिकडे करता यायचा नाही. “कसं आहे,” तो शेवटी म्हणाला, “आता ग्रुपवर लिहिलं की विषय वाढतो. सणाचा दिवस आहे. नंतर समक्ष बोलतो मी रवीदादाशी.”

“सूट शोधलीत तेव्हा मात्र ग्रुपवर लिहिलं होतंत.”

नीळकंठने चिवड्याची पिशवी उघडली आणि तिच्यापुढे धरली. तिने घेतला नाही. त्यानेही घेतला नाही.

पाऊण तासाने पर्यायी व्यवस्था आली. एका काळ्या मोटारीतून राजस आणि प्रतीक उतरले, दोघांच्या डोक्यावर भगवे फेटे. प्रतीक नायमेखनला पीएच.डी. करणारा, फेटा सांभाळत पळत आला. “वहिनी, फक्त बाप्पांना नेतो. सामान मागून येऊ दे. किल्ली?”

किल्ली सारंगच्या मुठीत होती. चैत्रालीने केबिनचं दार हळूच उघडलं आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो जागा झाला नाही. तोंड उघडं, एक हात सीटखाली लोंबत होता. घरच्या पलंगावरही तो इतका गाढ कधी झोपत नसे.

मूर्ती गादीसकट काढून मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवली. राजसने तिला पट्टा लावला. मग सवयीने त्याने छाती भरून श्वास घेतला, पण केबिनकडे नजर गेली, आणि तो जवळजवळ कुजबुजला, “गणपती बाप्पा.”

“मोरया,” प्रतीकही तेवढ्याच आवाजात म्हणाला.

मोटार निघून गेली. म्हणजे मोटारीतून येण्यासारखे बाप्पा मोटारीतून गेले. मग घाई कशाची होती, हा प्रश्न बाकावर दोघांच्या मधे पडून राहिला. नीळकंठने तो बघितला नसेल असं नाही.

सारंग उठला तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. गालावर सीटच्या शिवणीची रेघ उमटली होती. त्याने उतरून सवयीने गाडीला फेरी मारली, मागचं दार बघितलं, गाद्यांमधली रिकामी जागा बघितली.

“नेली?”

“राजस आणि प्रतीक येऊन घेऊन गेले,” चैत्राली म्हणाली. “तुला उठवलं नाही.”

“बरं केलंत,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, पट्टे परत घट्ट करताना, “उठवायला हवं होतं.”

उरलेला रस्ता तिघंही जागे होते.

हॉलमध्ये पोहोचले तेव्हा आरती होऊन गेली होती. मखर नसल्यामुळे बाप्पा एका टेबलावर, कुणाच्यातरी पैठणीसमोर बसले होते, आणि ते काही वाईट दिसत नव्हतं. ढोल नसल्यामुळे मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आलाही होता. सामान उतरवायला दहा हात आले. सगळे सारंगशी नीट बोलले. “झोप झाली का?” प्रत्येकाने विचारलं, जसं आजारी माणसाला विचारतात. मंजूषाने त्याला पानात दोन मोदक जास्त वाढले. ‘दादा’ कुणीच म्हणालं नाही.

जेवण चालू असताना रवींद्र येऊन त्याच्या शेजारी बसला. “हे बघ सारंग, राग नाही. पुढच्या वर्षी आपण कंपनीचीच गाडी घेणार, त्यांचा ड्रायव्हर, त्यांचे नियम. आता ठरवूनच टाकलं कमिटीत.”

“चांगलं ठरवलंत.”

“तुलाच त्रास नको म्हणून.”

“हो.”

चैत्राली समोर बसली होती. जे तिला पाहिजे होतं तेच कमिटीने केलं होतं. तरी तिने हातातला मोदक पानात परत ठेवला.

रवींद्र उठला, आणि उठता उठता म्हणाला, “आता फक्त गाडी परत द्यायची. उद्या दुपारपर्यंत, झुइडओस्टला. रिकामीच आहे.”

“उद्या नाही जमणार.”

“का रे? काम आहे?”

“नाही. उद्या माझी सुट्टी आहे.”

“मग वेळ आहेच की.”

“सुट्टी आहे, रवीदादा. सोमवारी रात्री मला परत जर्मनीत जायचंय. तोवर मी झोपणार.”

रवींद्र नीळकंठकडे वळला. “अरे, तू सांग ना याला. रिकाम्या गाडीलाही सूट असेल ना?”

नीळकंठच्या हातात वरणभाताचा घास होता. आजूबाजूची तीन-चार टेबलं गप्प झाली होती. “असते,” तो म्हणाला. पुढे काही बोलेल म्हणून चैत्राली त्याच्याकडे बघत राहिली. त्याने घास तोंडात घातला.

सारंगने खिशातून किल्ली काढली आणि मधल्या टेबलावर, प्रसादाच्या ताटाशेजारी ठेवली. कुणाशी काही न बोलता त्याने आपलं पान उचललं, हात धुतले, सकाळपासून मंजूषाकडे राहिलेल्या आणि आता ढोलांपाशी खेळणाऱ्या जुईला हाक मारली आणि तिला घेऊन बाहेर गेला. चैत्रालीने पर्स घेतली. त्यांची गाडी झुइडओस्टला होती, तेव्हा आता आगगाडीने घरी जायचं होतं.

हॉलमध्ये बोलणी हळूहळू परत सुरू झाली. लोक येत होते, प्रसाद घेत होते. किल्ली जिथे होती तिथेच होती. तिच्यावरून हात जात होते, पण ती कुणी उचलली नाही. त्या वजनाचं लायसन्स कुणाकडेच नव्हतं. नीळकंठ तीर्थ घ्यायला आला, तेव्हा भांडं थोडं कलंडलं. किल्ली भिजू नये म्हणून त्याने ती एका बोटाने बाजूला सरकवली, तीर्थ घेतलं, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.